नव्वद दिवस थांबायला घर लागतं

प्रति,
मराठी मालिका आणि चित्रपटांचे निर्माते,
तसेच मराठी वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख,
मुंबई

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात सेलूला तालीम संपल्यावर एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. एकवीस वर्षांची आहे. वडील मानवतला जिनिंगवर हमाली करतात. तिला मुंबईहून एका मालिकेच्या लूक टेस्टचं, म्हणजे भूमिकेला चेहरा शोभतो का ते कॅमेऱ्यावर बघायच्या चाचणीचं, बोलावणं आलं आहे. मला वाटलं, आता विचारेल की कॅमेऱ्यासमोर नजर कुठं ठेवायची, रडायचा सीन दिला तर काय करायचं. तिनं विचारलं, "ताई, पैसे कधी देतेत?"

मी म्हणाले, "नव्वद दिवसांनी."

ती काहीच बोलली नाही. ओढणीच्या टोकाशी चाळा करत मनातल्या मनात हिशेब करत राहिली. तो हिशेब कुठं जाऊन अडतो ते मला माहीत आहे, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

मी नाव लिहीत नाही, कारण मला अजून काम करायचं आहे. शिवाय हे पत्र कुणा एका संस्थेविरुद्ध नाही. पण माझा चेहरा तुमच्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा असेल. नायकाची मावशी, दवाखान्याच्या बाकावर बसलेली आई, दोनदा मोलकरीण, एकदा सरपंचबाई, एका चित्रपटात पहिल्या पंधरा मिनिटांत मरणारी आजी. एकोणतीस वर्षं झाली. पोस्टरवर मी कधी आले नाही, आणि त्याचं दुःखही नाही. चरित्र भूमिका करणाऱ्या माणसाला एक वेगळं सुख असतं. दोन वर्षांपूर्वी जिंतूरच्या बसस्थानकावर एका म्हातारीनं माझा हात घट्ट धरला होता. "माय, तुला तर मारलं ना त्यांनी?" आमच्या मालिकेत लीप आला होता, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढं नेली होती, आणि माझं पात्र अपघातात गेलं होतं. मी जिवंत आहे याची खात्री होईपर्यंत तिनं हात सोडला नाही. मग पिशवीतून दोन पेरू काढून दिले. या कामानं मला जे दिलं त्यात ते दोन पेरू फार वर आहेत.

मी सेलूची. वडील जिनिंगमध्ये दिवाणजी होते. कापसाच्या हंगामात रात्री घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेले असायचे, आणि आई पदरानं ते टिपायची. गाडी घेऊन आलेले शेतकरी भावावरून कसे घासाघीस करतात, कोण आवाज चढवतो, कोण एकदम गप्प होऊन पटका सारखा करतो, हे मी वडिलांच्या गादीजवळ बसून पाहायचे आणि घरी येऊन करून दाखवायचे. माझं पहिलं शिक्षण ते. शाळेची गॅदरिंग झाली, राज्य नाट्य स्पर्धेच्या परभणी केंद्रावर दोन वर्षं उतरले, आणि १९९१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात आले. त्याच वर्षी प्रशांत दळवी यांचं 'चारचौघी' चंद्रकांत कुलकर्णी यांनी रंगभूमीवर आणलं होतं. दोघंही औरंगाबादच्या 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून मुंबईला गेलेले. त्या नाटकाची वर्तमानपत्रातली जाहिरात कापून आम्ही मुलींनी वसतिगृहाच्या खोलीत चिकटवली होती. आपल्याकडची माणसं जातात आणि जमवतात, एवढंच आम्हाला तिच्यातून वाचायचं होतं.

विभागात आम्ही सगळं शिकलो. पोटातून आवाज काढायला शिकलो, तसं स्पॉट लावायला, नेपथ्याच्या चौकटी ठोकायला, मेकअपचा डबा लावून ठेवायलाही शिकलो. पैसे कधी मिळतात हे तेवढं कुणी शिकवलं नाही. विचारायलाही लाज वाटायची. कलेच्या दारात पैशाचं काय बोलायचं, असं वाटायचं.

१९९६ ला मी मुंबईला आले. आम्ही तिघी एकत्र आलो होतो. बाकीच्या दोघी माझ्यापेक्षा सरस होत्या, हे मी नम्रतेनं म्हणत नाही. एकीला उभ्या जागी रडता यायचं आणि रडताना आवाज फुटायचा नाही. दुसरीचं वाचन इतकं होतं की दिग्दर्शकाच्या आधी तिला सीन कळायचा. वर्षभरात दोघीही परत गेल्या. मी राहिले. मुलाखतींमध्ये विचारतात, "तुम्ही कशा टिकलात?" बरीच वर्षं मी उत्तर द्यायचे की चिकाटी होती, गुरूंची शिकवण होती. खरं उत्तर असं आहे की माझी मावसबहीण डोंबिवलीला राहत होती. दोन खोल्यांचं घर, त्यात ती, मेहुणे, सासू, दोन मुलं आणि मी. स्वयंपाकघरात ओट्याखाली माझं अंथरूण. तिनं तीन वर्षं भाडं घेतलं नाही आणि जेवणाचं नाव काढलं नाही. त्या दोघींना डोंबिवलीला बहीण नव्हती.

तेव्हा दूरदर्शनवर बहुतेक मालिका तेरा भागांच्या असायच्या. काम थोडं, पैसे थोडे, चेक यायलाही वेळ लागायचा. १९९९ मध्ये अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, सुरू झाली आणि हळूहळू रोजच्या मालिकांचे दिवस आले. माझ्यासारखीला महिन्याला आठ-दहा दिवस काम मिळायला लागलं. मी वाहिन्यांचे उपकार मानते. चरित्र अभिनेत्रीला नुसत्या अभिनयावर घर चालवता येईल, ही गोष्ट वाहिन्यांनी शक्य केली. पण त्याबरोबर नव्वद दिवसही आले, आणि ते आता इतके मुरले आहेत की करारात वाचताना कुणाचा डोळाही थबकत नाही.

आमच्या भागातल्या वाचकांसाठी सांगते, कारण पडद्यावरच्या माणसाला हातोहात पैसे मिळतात असं इथं सगळ्यांना वाटतं. छोट्या कलाकाराला दिवसावर मानधन असतं, त्याला आम्ही 'पर डे' म्हणतो. सकाळी सातचा कॉल टाइम, बारा तासांची शिफ्ट, पॅकअप लांबला तर तेरा-चौदा तास. महिना संपला की जितके दिवस भरले त्याचं बिल लावायचं. तिथून पुढे नव्वद दिवस मोजायचे. आलेल्या पैशातून दहा टक्के टीडीएस कापलेला असतो, आणि काम को-ऑर्डिनेटरनं दिलेलं असेल तर त्याचं कमिशन वेगळं. म्हणजे एक जानेवारीला केलेल्या सीनचे पैसे एप्रिल संपताना येतात, तेही सगळं वेळेवर झालं तर. मधल्या काळात मुलगी मालिकेत रोज रात्री दिसत असते. गावाकडून फोन येतो, "पोरगी टीव्हीवर आली, आता तुमचं काय!" आणि पोरगी नायगावच्या खोलीवर चहाबरोबर पाव खाऊन कॉल टाइमला निघालेली असते.

त्या दिवशी त्या मुलीबरोबर मी कागदावर हिशेब मांडला. तीन मुलींत मिळून खोली, तिच्या वाट्याला महिना सात हजार. खाणं पाच हजार. लोकल, रिक्षा, फोन मिळून दोन हजार. चार महिन्यांचे झाले छप्पन्न हजार. डिपॉझिटमधला तिचा वाटा पंचवीस हजार. एकूण एक्क्याऐंशी हजार. पहिला रुपया हातात पडायच्या आधी एवढे पैसे घरून न्यायचे. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. एक्क्याऐंशी हजार म्हणजे पावणेअकरा क्विंटल कापूस. आमच्याकडं कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल निघाला तर दोन-अडीच एकराचं अख्खं पीक, तेही बी, खत, फवारणी, वेचणी यांचा खर्च न धरता. तिच्या वडिलांना तर एकरही नाही, ते दुसऱ्याच्या कापसाच्या गाठी उचलतात.

हा हिशेब फक्त कागदावरचा नाही. २०१७ साली आमच्या सेलूच्या शिबिरातली एक मुलगी मुंबईला गेली. इतक्या वर्षांत माझ्या पाहण्यात आलेली सगळ्यात तयार मुलगी. तिचा आवाज खालच्या पट्टीतला होता. वाक्याच्या शेवटी ती तो सोडून द्यायची आणि समोरचा माणूस नकळत पुढं वाकायचा. तिला एका मालिकेत नायिकेच्या मैत्रिणीचं काम मिळालं. पहिल्या महिन्यात अकरा दिवस, दुसऱ्यात नऊ. तिसऱ्या महिन्याच्या मध्याला तिनं मला फोन केला. रडत नव्हती. म्हणाली, "ताई, खोलीवाल्या काकू चांगल्या हायेत, पण दोनदा झालं आता. तिसऱ्यांदा कसं सांगू?" मी जमतील तेवढे पाठवले. ते पुरले नाहीत. घरी धाकटा भाऊ आजारी पडला होता, तिकडंही पैसे लागत होते. ती परत आली. मालिकेत तिचं पात्र मामाच्या गावाला गेलं, असं एका संवादात सांगून टाकलं. पात्र परत आलं नाही, प्रेक्षकांनी विचारलंही नाही. पहिल्या महिन्याचे पैसे तिच्या खात्यात जमा झाले तेव्हा तिला सेलूला येऊन सहा आठवडे झाले होते आणि ती मोंढ्याजवळ एका मोबाईलच्या दुकानात काउंटरवर उभी होती. आजही तिथंच आहे. रिचार्ज करताना गिऱ्हाइकाशी बोलते तेव्हाही वाक्याचा शेवट ती तसाच सोडते. मी त्या दुकानात जाणं टाळते.

तिला कुणी फसवलं नाही. पैसे करारात लिहिल्याप्रमाणे मिळाले. सगळं नियमानं झालं, तरी ती मुलगी आपल्या हातची गेली. मला तेच तुमच्यापुढं ठेवायचं आहे.

माझ्यावरही ती वेळ आली, आणि तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं बंद झाली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी अशा तीन महिन्यांच्या कामाचे माझे पैसे एका संस्थेकडे यायचे होते. मी सेलूला आले. मे महिन्यात आई अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं, परभणीला ऑपरेशन करावं लागलं. मी रोज अकाउंट्सला फोन लावायचे. "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे." बोलणारा मुलगा नम्र होता, त्याचाही पगार अर्धा झालेला होता, त्याच्यावर राग काढून काय मिळणार? दवाखान्याचं बिल भावानं भरलं. माझे पैसे नोव्हेंबरात दोन हप्त्यांत आले. तेवीस-चोवीस वर्षं काम केलेल्या बाईला आईच्या दवाखान्यासाठी भावापुढं उभं राहावं लागलं. भाऊ काही म्हणाला नाही. त्याचं काही न बोलणंच मला जास्त लागलं.

या भावाचं वाळूजला छोटं लेथ वर्कशॉप आहे. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग करून देतो. त्यानं मला एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी बराच वेळ गप्प बसले. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानं, नोंदणी केलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज. आता तर मुदतीत न दिलेली रक्कम घेणाऱ्या कंपनीला त्या वर्षीच्या प्राप्तिकरात खर्च म्हणूनही दाखवता येत नाही. भावालाही पैशासाठी खेटे घालावे लागतात, नाही असं नाही. पण निदान त्याच्या हातात कागद आहे. लोखंडाचा तुकडा घासून देणाऱ्याला देशानं पंचेचाळीस दिवस दिले, आणि रात्री दोन वाजता ग्लिसरीनशिवाय डोळ्यांत पाणी आणणाऱ्या पोरीला आपण नव्वद दिवस थांबायला सांगतो.

निर्मात्यांचं म्हणणं मला माहीत आहे. सेटवर चहा पिताना त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. वाहिनीकडूनच पैसे उशिरा येतात, तोपर्यंत निर्माता स्वतःच्या खिशातून किंवा कर्ज काढून मालिका ओढत असतो, टीआरपी पडला तर एका बैठकीत मालिका बंद होते. हे सगळं खरं आहे. माझ्या ओळखीच्या एका निर्मात्यानं राहतं घर गहाण टाकून मालिका चालवली आहे. म्हणूनच हे पत्र मी एकट्या निर्मात्याला लिहिलं नाही, वाहिन्यांनाही लिहिलं आहे. पण मला एक सांगा, जनरेटरचं डिझेल नव्वद दिवस उधार मिळतं का? बंगल्याचा मालक भाडं तीन महिन्यांनी घेतो का? कॅमेरा-लाइटवाले एका मर्यादेपलीकडं थांबतात का? मोठं नाव असलेला कलाकार आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तारीख देत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग थांबतो कोण? ज्याला नाही म्हणता येत नाही तो. अख्ख्या मालिकेचा उधारीचा भार कुठं जाऊन टेकतो ते बघा. पर डेवर आलेल्या पोरापोरींवर आणि सेटवरच्या कामगारांवर. सगळ्यात बारीक खांद्यावर.

ज्यांचं मुंबई-पुण्यात घर आहे त्यांना हे नव्वद दिवस निभावून नेता येतात. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्यात उत्तम कलाकार आहेत, माझ्या कित्येक मैत्रिणी आहेत. पण त्यामुळं चाळणी कशी लागते ते लक्षात घ्या. तुम्ही ऑडिशनमध्ये अभिनय बघून निवडता, आणि नंतरचे तीन महिने घर बघून निवडतात. परभणी, हिंगोली, नांदेड, धाराशिवची मुलं पहिल्या चाळणीतून आली तरी दुसऱ्या चाळणीत अडकतात.

याचा परिणाम पडद्यावर ऐकू येतो. तीन-चार वर्षांपूर्वी मी एका मालिकेत गंगाखेडकडच्या ऊसतोड कुटुंबातल्या आईचं काम केलं. चित्रीकरण वाईजवळ होतं. गाव सुंदर, नदी, घाट, हिरवीगार झाडी. गंगाखेडच्या माणसानं बघितलं तर हसेल, पण ते जाऊ द्या, बजेटचा प्रश्न असतो. संवाद हातात आले. "कुटं निगालीस गं पोरी? म्या न्हाई जाऊ द्याची." मी दिग्दर्शकांना म्हणाले, आमच्याकडं असं नाही बोलत, मी आमच्यासारखं बोलून दाखवू का? ते सज्जन होते, म्हणाले, दाखवा. मी म्हणाले, "कुठं चाल्लीस माय? कामून रडू लालीस?"

सेटवर क्षणभर शांतता झाली. मेकअपदादा लातूरकडचे, ते मागून म्हणाले, "आरं माय!" मला वाटलं, जमलं. मग मालिकेची गोष्ट आणि संवाद बघणाऱ्या क्रिएटिव्ह टीममधल्या मुलीनं नकारार्थी मान हलवली. 'कामून' म्हणजे 'का' हे कुणाला कळणार नाही, आणि मुलीला 'माय' का म्हणता? आई तर तुम्ही आहात ना?

आता तिला काय सांगू? आमच्याकडं लेकीलाही माय म्हणतात, सुनेलाही, रस्त्यावरच्या अनोळखी बाईलाही. त्या एका शब्दात जी माया आहे ती लिहिलेल्या वाक्यात कुठंच नव्हती. ती मुलगी वाईट नव्हती. तिनं हे आयुष्यात ऐकलेलं नव्हतं, कारण तिच्या लेखकांच्या खोलीत, ऑडिशनच्या रांगेत, सेटवर, हे बोलणारं कुणी टिकलेलंच नव्हतं. मग सातारा-कोल्हापूरकडचं चार शब्दांचं 'गावरान' सगळ्या महाराष्ट्राला चिकटवलं जातं. त्या भागातल्या माणसांनाही ते आपलं वाटत नसेल. आमच्याकडं तर दर बारा कोसांवर बोली वळण घेते. उदगीरला कानडीचा हेल, देगलूर-बिलोलीला तेलुगूचा, जुन्या निजामी गावांत उर्दूची गोडी, हिंगोलीकडं वऱ्हाडीची झाक. पडद्यावर यातलं काही येत नाही. मी शेवटी ते लिहिलेलं वाक्यच बोलले. टेक ओके झाला.

प्रेक्षकाला कळणार नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. २०१२ मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगभूमीवर आलं. राजकुमार तांगडे यांनी लिहिलं, नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलं, आणि त्यात जालन्याकडची पोरं जालन्याचंच बोलत होती. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत लोकांनी ते डोक्यावर घेतलं. चार वर्षांनी 'सैराट' आला. अकलूजची रिंकू राजगुरू शाळकरी वयात तिच्या मुलखाच्या तोऱ्यात बोलली, राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला, आणि मराठी चित्रपटानं शंभर कोटी पाहिले ते त्याच बोलीत. अकलूज मराठवाड्यात नाही, भीमेकडचं आहे. पण तिचं बोलणं कुणाला कळलं नाही असं मी तरी ऐकलेलं नाही. कळायला शब्दकोश लागत नाही, बोलणाऱ्याच्या तोंडात तो शब्द जन्मापासून असावा लागतो.

गुणांची वाण आमच्याकडं नाही. औरंगाबादची राजश्री देशपांडे २०२३ मध्ये 'ट्रायल बाय फायर' या हिंदी वेब मालिकेत दिसली. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला १९९७ साली आग लागली, त्यात दोन्ही मुलं गमावलेल्या आईचं काम तिनं केलं. त्यातले तिचे गप्प राहण्याचे प्रसंग मी आमच्या शिबिरातल्या मुलांना पुन्हा पुन्हा दाखवते. आक्रोश नाही, नुसती ताठ मान आणि कोरडे डोळे. मराठवाड्यातल्या गावांत पाण्यासाठी, शाळांसाठीही तिनं काम केलं आहे. आमच्या पोरी तिच्याकडं बघतात आणि म्हणतात, ताई, जमतं की. मी हो म्हणते. आणि मनात म्हणते, तुझी डोंबिवलीची बहीण कुठं आहे गं?

माझं मागणं मोठं नाही. ज्या कलाकाराचं मानधन दिवसाला पाच हजारांच्या आत आहे, त्याचे पैसे महिना संपल्यावर पंधरा दिवसांत द्या. सगळ्यांना नको, मोठ्यांना नको, एवढ्यांनाच. तुमच्या हिशेबनीसाला बसवून बघा, एका रोजच्या मालिकेत अशा माणसांची महिन्याची बेरीज किती होते. सेटवरच्या एका मोठ्या लग्नाच्या सीनची सजावट, घागरे आणि ड्रोन यांच्याशी ती ताडून बघा. वाहिन्यांनी ठरवलं तर करारातच ही रक्कम बाजूला काढून निर्मात्याला आधी देता येईल. आणि मुंबईबाहेरून पहिल्यांदा येणाऱ्या कलाकाराला निवड झाल्या दिवशी दहा दिवसांचं मानधन आगाऊ द्या. ते नंतर बिलातून वळतं करा, आमची हरकत नाही. आम्ही दान मागत नाही.

ऑडिशनसाठी कधी इकडं या. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, परभणी, नांदेड, लातूर, जालन्यात राज्य नाट्य स्पर्धेला दरवर्षी उतरणारी मंडळं आहेत. मोबाईलवर सेल्फ टेस्ट मागवता ते ठीक आहे, पण आमच्या मुली ती गच्चीवर, वाऱ्यात, शेजारच्या मिक्सरच्या आवाजात करून पाठवतात आणि पहिल्या पाच सेकंदांत बाद होतात. एक दिवस एका सभागृहात बसलात तर तुम्हाला तीस चेहरे आणि पाच बोली ऐकायला मिळतील. जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसर आमच्याकडून.

कलाकारांच्या संघटनांनी माझे अडकलेले पैसे दोनदा सोडवून दिले आहेत, त्यांची मी ऋणी आहे. पण संघटनेकडं जाता येतं ते पैसे थकल्यावर. नव्वद दिवस थकीत धरलेच जात नाहीत. नियमातच असलेल्या गोष्टीची तक्रार कुठं करायची? म्हणून नियम करणाऱ्यांनाच लिहिलं.

त्या मुलीबद्दल सांगायचं राहिलं. तिच्या आईनं कानातले मोडायला काढले होते, मी थांबवलं. आम्ही सेलूच्या नाटकवाल्यांनी वर्गणी काढली आहे. शाळेतले दोन सर, मेडिकलवाला, आमचे तबलजी, मोबाईलच्या दुकानातली ती मुलगी. तिनं तीन हजार दिले, सगळ्यांत जास्त. आजपर्यंत चौतीस हजार पाचशे जमले आहेत. एक्क्याऐंशीला अजून कमी आहेत, पण डिपॉझिट भरून पहिले वीस दिवस निघतील. येत्या रविवारी रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं ती निघते आहे. तिकीट वेटिंगवर आहे.

लूक टेस्टमध्ये ती निवडली गेली तर तिचं पहिलं बिल पुढच्या महिन्याच्या अखेरीला तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर येईल. पर डे दोन हजार, दिवस आठ किंवा नऊ. पत्ता सेलू, जिल्हा परभणी असा असेल. ते बिल वेगळं काढून ठेवा.

आपली,
एक चरित्र अभिनेत्री
सेलू, जि. परभणी